समरकंदमध्ये एक दिवस

ताश्कंद म्हटले की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. जानेवारी १९६६ मध्ये पाकिस्तानशी करार झाला त्याच रात्री त्यांचे तिथे निधन झाले. समरकंदचे नावही लहानपणापासून कानावर असते, पण ते नेमके कुठे, हे फारसे कुणाला सांगता येत नाही. दिल्लीहून विमानाने ताश्कंदला सुमारे तीन तासांत पोहोचता येते. तिथून सकाळच्या रेल्वेने समरकंदला जाऊन रात्री परतता येते.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे गेलो. मी, माझे पती, सासूबाई आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली आमची मुलगी. तिला पुढे भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला जायचे आहे. ‘एकटी मुलगी, एवढ्या लांब, आणि हा विषय कशासाठी?’ यावर घरात महिनाभर बोलणी चालली होती. ती बोलणी आमच्याबरोबर प्रवासालाही आली.

अफरासियाब एक्स्प्रेस

या वेगवान गाडीचे नाव अफरासियाब. मूळ समरकंद ज्या टेकाडावर वसले होते, त्याचे हे नाव. १२२० मध्ये चंगेजखानाने ते शहर उद्ध्वस्त केले आणि पुढे नवे शहर शेजारी उभे राहिले. स्पॅनिश बनावटीची ही गाडी २०११ पासून धावते. सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर ती सव्वादोन तासांच्या आत कापते. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि सामान तपासतात. वाटेत सिरदर्या नदी लागते, मग सपाट शेते आणि शेवटी बोडके डोंगर. सासूबाईंना गुडघेदुखी आहे, पण या प्रवासात त्यांना त्रास झाला नाही.

रेगिस्तान

रेगिस्तान म्हणजे वाळूची जागा. आज तो फरसबंद चौक आहे आणि त्याच्या तीन बाजूंना तीन भव्य मदरसे आहेत. सर्वांत जुना, १४२० मध्ये पूर्ण झालेला, उलुगबेगचा. उलुगबेग हा तैमूरचा नातू. दुसरा शेरदार, ज्याच्या कमानीवर वाघासारखे प्राणी आणि माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. तिसरा तिल्लाकारी, म्हणजे सोन्याच्या कामाचा. त्याच्या मशिदीचे छत आतून घुमटासारखे भासते. प्रत्यक्षात ते सपाट आहे, सारी किमया नक्षीची.

आम्ही जास्त वेळ उलुगबेगच्या मदरशात घालवला. त्याच्या दर्शनी कमानीवर तारेच तारे आहेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आता भेटवस्तूंची दुकाने थाटली आहेत. एके काळी इथे दीनी तालीम आणि गणित, खगोलशास्त्र एकाच छताखाली शिकवले जाई. कोणता इल्म दीनी आणि कोणता दुनियावी, अशी भिंत त्या आवारात नव्हती.

इथल्या विद्वानांपैकी जमशीद अल-काशी याने काशानला राहणाऱ्या आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रे टिकून आहेत. वर्तुळाच्या ‘पाय’ची किंमत दशांशानंतर सोळा स्थळांपर्यंत काढणारा हाच गणिती. बादशहाला कुरआनचा बराच भाग मुखोद्गत आहे, घोड्यावर बसल्या बसल्या तो किचकट हिशेब तोंडी सोडवतो, आणि शास्त्राच्या चर्चेत नीट समजल्याशिवाय कुणी नुसती मान डोलावू नये, असा त्याचा आग्रह असतो, असे त्याने वडिलांना कळवले होते. शिकण्यासाठी परगावी गेलेल्या मुलाची ती पत्रे आहेत, हे आमच्या मुलीने आम्हाला जरा मोठ्याने ऐकवले.

वेधशाळा

तिथून टॅक्सीने उलुगबेगच्या वेधशाळेकडे गेलो. वर काहीच उरलेले नाही. जमिनीत खोल उतरणारी दगडी कमानीची एक खोबण तेवढी दिसते. सुमारे चाळीस मीटर त्रिज्येच्या प्रचंड कोनमापकाचा हा खालचा तुकडा. दुर्बीण नव्हती त्या काळात याच्या साहाय्याने सूर्य आणि ग्रहताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. एक हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी तयार झाली. वर्षाची लांबी त्यांनी ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटे, ८ सेकंद काढली. आजच्या मोजणीशी त्यात एका मिनिटाचाही फरक नाही.

१४४९ मध्ये उलुगबेगचा त्याच्याच मुलाच्या हुकमाने खून झाला. सत्ता गमावलेला बादशहा तेव्हा हजला निघाला होता. वेधशाळा ढासळली आणि मातीखाली गेली. १९०८ मध्ये व्यातकिन नावाच्या रशियन पुरातत्त्वज्ञाने ती शोधून काढली. पण ग्रहताऱ्यांची कोष्टके वाचली होती. उलुगबेगचा शिष्य अली कुशजी पुढे इस्तंबूलला गेला, त्याच्याबरोबर हा इल्मही गेला. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला ताऱ्यांची यादी छापली गेली. जयपूरचा जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने आपली कोष्टके करताना याच कामाचा आधार घेतला होता. इमारत गेली, शिष्यांनी नेले ते राहिले.

खोबणीच्या कठड्याला धरून सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग माझ्या पतींना म्हणाल्या, “घड्याळं नव्हती तेव्हा नमाजच्या वेळा कोण सांगायचं रे? किबला कोण काढून द्यायचं? हेच लोक ना?” ते काही बोलले नाहीत. मुलगीही, नवल म्हणजे, गप्प राहिली.

कागद, नान आणि बाजार

समरकंदचा कागद एके काळी दूरदूर जाई. शहराबाहेर कोनीगिल गावात तुतीच्या सालीपासून तो आजही हाताने बनवतात. पाणचक्कीवर साल कुटतात, लगदा चाळणीवर पसरतात, वाळलेला कागद घासून गुळगुळीत करतात. पाहताना दौलताबादजवळचे आपले कागजीपुरा आठवले. तिथल्या कागजी कुटुंबांनीही पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला आहे.

जेवायला समरकंदी पुलाव. इथे भात, गाजर आणि मांस एकत्र कालवत नाहीत, थरांनीच वाढतात. भाषा कळत नसली तरी शब्द ओळखीचे निघतात. पियोझ म्हणजे कांदा, सोम्सा म्हणजे समोसा, किताबला कितोब. ‘सब्जी’ मागाल तर मात्र गाजरे मिळतील. आभाराला ‘रहमत’ म्हणतात.

सियाब बाजारात चकचकीत गोल नानांच्या राशी असतात. नान कधी पालथा ठेवत नाहीत. घरातले कुणी दूर निघाले की ते नानाचा एक घास तोडते आणि उरलेला नान ते परत येईपर्यंत जपून ठेवतात, असे आमच्या टॅक्सीचालकाने मोबाईलवर भाषांतर करून सांगितले. सासूबाईंनी ठरल्यापेक्षा एक नान जास्त घेतला. “जूनमध्ये लागेल,” एवढेच म्हणाल्या.

जाणाऱ्यांसाठी

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. रेल्वेची तिकिटे लवकर संपतात, म्हणून जातानाची आणि येतानाची दोन्ही आधीच काढावीत. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. समरकंद स्टेशनाहून सियाब बाजारापर्यंत ट्राम आहे. तैमूर आणि उलुगबेग यांच्या कबरी असलेला गोर-ए-अमीर रेगिस्तानपासून जवळ आहे. शाह-ए-जिंदाला मात्र पायऱ्या बऱ्याच, वडीलधारी सोबत असतील तर सकाळीच जावे. हदीसचे थोर संकलक इमाम बुखारी (रह.) यांची मजार शहराबाहेर पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. ती एका दिवसात बसवण्याची घाई करू नये. तिथे शांतपणे जायचे असेल, तर समरकंदला एक रात्र मुक्काम करावा.