भिकू म्हात्रेचे घर

राम गोपाल वर्मांचा ‘सत्या’ २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चित्रगृहांत आला, तेव्हा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी त्यातून उचलले काय, तर समुद्रकाठी उभा राहून गर्जना करणारा भिकू म्हात्रे! तेवढाच तुकडा मोबाईलवर मिरवताना, ज्या पुढारी भाऊ ठाकूरदासला त्याने निवडून आणले त्याच्याच गोळीने तो विजयाच्या बैठकीत मरतो, हे कोणाच्या गावीही नसते, याचे मला मनस्वी दुःख झाले.

‘दीवार’ आणि ‘परिंदा’ वगळता ‘सत्या’आधीच्या गुंडपटांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ‘सत्या’तले नव्वदचे दशक मात्र आम्ही अंगावर काढले. त्याची मुळे आधीची: १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने मुंबईच्या गिरण्या मोडल्या. ज्या गावकीच्या खोलीत आमच्या तालुक्याची माणसे भिंतीशी ट्रंका रचून, पाळीप्रमाणे एकाच वळकटीवर दोघे निजत, तेथून काही माथाडीत शिरले, काहींनी डबेवाले होऊन डबे उचलले आणि काही कायमचे गावी परतले. पण गिरणगावातील काही पोरे हप्तावसुलीच्या चाकरीस लागली. चैत्रातल्या जत्रेस आलेले मुंबईकर त्यांची नावे दबक्या आवाजात घेत आणि पुढच्या वर्षी त्यांतील एखादे नाव पोलिसांच्या पंचनाम्यात गेलेले असे.

३ जुलै १९९८ ला ‘सत्या’ आला आणि ती पोरे घरादारासह पडद्यावर दिसली. अपरात्री परतलेल्या भिकूला फैलावर घेणारी, थपडेस थपड देणारी शेफाली शाहची प्यारी आणि तिच्यापुढे नमणारा मनोज वाजपेयींचा दादा यांत संसार होता; अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्लांच्या लेखणीचे सामर्थ्य मला तेथेच प्रत्ययास येते. गुन्हेगारीचे उदात्तीकरण झाल्याची फिर्याद तेव्हा काही प्रतिष्ठित टीकाकारांनी केली. ती तद्दन अन्यायाची होती. चित्रगृहात गोळी एक सुटते आणि चेंगरून मरतात निरपराध प्रेक्षक, हे दाखवणाऱ्या दिग्दर्शकावर असा आरोप ज्यांनी केला, त्यांनी चित्रपट डोळे उघडून पाहिला नव्हता, असेच मी आजही म्हणेन.

आताच्या गुंडपटांत बंदुका मोठ्या, घर मात्र कोणालाच नाही. जत्रेतला तंबूचा सिनेमाही मोडत आला. त्या तंबूत मातीवर फतकल मारून बसलेला माणूस निदान शेवट पाहूनच उठे. म्हणून गावोगावच्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे की, जत्रेत एक रात्र पडदा बांधून या तरुणांना ‘सत्या’ दाखवावा आणि नायक सत्या त्याची प्रेयसी विद्या हिच्या दाराशी कोसळेपर्यंत कोणास उठू देऊ नये.