सरोवर एक, राज्यें तीन : होडीची नोंदणी व जलप्रवास

धरणाचें पाणी चढलें म्हणजे शिवेचे दगड बुडतात. शीव मात्र बुडत नाहीं. ती नकाशावर जेथें होती तेथेंच राहते. जमिनीवर तिची ओळख पटविण्यास बांध, ओढा अगर झाड असतें. पाण्यावर यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून ज्या शेतकऱ्यास पलीकडच्या तीराशीं नित्य व्यवहार करावा लागतो, त्यानें आपल्या होडीस कोणता कायदा लागतो हें समजून घेणें अवश्य आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडील भागाचें उदाहरण घेऊं. येथें नर्मदा सुमारें ३५ किलोमीटर मध्यप्रदेशाशीं व सुमारें ३९ किलोमीटर गुजराथेशीं महाराष्ट्राची सीमा आखते. सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर असून ती प्रथम २०१९ सालीं गांठली गेली. त्या पातळीस सरोवराची लांबी सुमारें २१४ किलोमीटर होते. महाराष्ट्रांतील ३३ व गुजराथेंतील १९ गांवें या बुडिताच्या कक्षेंत आलीं. मध्यप्रदेशांतील गांवांची संख्या तर १९० हून अधिक आहे. डोंगरांतील वाट लांबची, म्हणून धान्य, चारा, आजारी माणूस, सर्व कांहीं होडीनेंच न्यावें लागतें. तेथें होडी म्हणजे मौजेची वस्तु नव्हे. ती गाडीच होय.

पूर्वीं ही गाडी शिवेवर अडत असे. अंतर्देशीय नौकांचा जुना कायदा १९१७ सालचा. एका प्रांताचा दाखला दुसऱ्या प्रांतांत चालविण्यास तेथील अधिकाऱ्यांची संमति लागे, आणि प्रत्येक राज्याचे नियम निरनिराळे. तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागीं अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ आला व २०२२ सालीं अमलांत आला. त्यांतील मुख्य सुधारणा ही कीं, एका राज्यांत रीतसर दिलेला नोंदणीचा दाखला सर्व भारतांत ग्राह्य धरला जातो. दुसऱ्या राज्याची निराळी परवानगी लागत नाहीं. नदी, कालवा व सरोवर या तिन्हींस हा कायदा लागू आहे.

परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्या राज्यघटनेंत यंत्रानें चालणाऱ्या नौकांचा जलमार्गांवरील संचार हा विषय केंद्र व राज्य या उभयतांकडे आहे. वल्ह्यांनीं किंवा शिडानें चालणाऱ्या होडीचा विषय मुख्यतः राज्याकडे आहे. म्हणून यंत्राच्या होडीस वरील दाखला सर्वत्र चालतो. बिनयंत्राच्या होडीसंबंधीं मात्र राज्य सरकार जे वर्ग ठरवील त्यांची नांवनोंदणी होते. तशी होडी परतीरास न्यावयाची असल्यास तेथील नियम अगोदर विचारून घ्यावा. साध्या होडीच्या मागें सुटें यंत्र बसविलें तरी ती यंत्राची होडी झाली, हेंही विसरूं नये.

नोंदणीचा क्रम असा. प्रथम सर्वेक्षक होडी तपासतो. बांधणी, यंत्र व जीवरक्षक साधनें पाहून तो सर्वेक्षणाचा दाखला देतो. त्यावांचून नोंदणी होत नाहीं. नंतर मालकानें आपल्या राज्यांतील नौका निबंधकाकडे अर्ज करावा. महाराष्ट्रांत या कामीं १९९६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी. मिळालेला क्रमांक होडीवर ठळक लिहावा. उतारूंच्या व इतरांच्या नुकसानीसाठीं विमा उतरवावा, व होडी लायक दाखला असलेल्या माणसाच्याच हातीं द्यावी. मालकाचें ठिकाण बदललें अगर होडींत फेरफार केला, तर निबंधकास कळवावें. सात-बाऱ्यावरील नोंद मागें पडली म्हणजे काय त्रास होतो हें आपणांस ठाऊक आहेच. होडीचेंही तसेंच आहे. भाडें घेऊन सार्वजनिक तरीवर माणसें उतरविणें ही मात्र वेगळी बाब आहे. तिला १८६८ सालचा मुंबईचा तरींचा कायदा पहावा लागतो. नोंदणीचा दाखला म्हणजे तरीचा मक्ता नव्हे.

कित्येकांस हा सारा खटाटोप सरकारी कागदांचा पसारा वाटतो. पण दाखल्यांत माणसांची जी कमाल संख्या लिहिलेली असते, तींतच त्या कागदाचें सार आहे. १५ जानेवारी २०१९ रोजीं, संक्रांतीच्या दिवशीं, धडगांव तालुक्यांत भुषा गांवाजवळ नर्मदेंत होडी उलटून लहान मुलांसह कित्येकांचे प्राण गेले. तींत वाजवीपेक्षां फार माणसें बसलीं होतीं. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवाहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यांत बुडून सहा जण दगावले. पहिल्या ठिकाणीं भार नडला, दुसऱ्या ठिकाणीं वारा.

यावरून चालविणाऱ्यानें कांहीं नियम स्वतःस घालून घ्यावे. दाखल्यांतील आंकड्यापेक्षां एकही माणूस अधिक घेऊं नये. पोतीं चढविलीं तर त्या मानानें माणसें कमी करावीं. माल मध्यभागीं व तळाशीं ठेवावा. प्रत्येकाच्या अंगावर तरंगतें जाकीट असावें. होडींत कोपऱ्यांत पडलेलें जाकीट कोणास वांचवीत नाहीं. जलाशयाची रुंदी मोठी असल्यामुळें वाऱ्यास मोकळें रान मिळतें व लाट लवकर उठते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटले कीं तीर सोडूं नये. पातळी उतरली म्हणजे बुडालेलीं झाडें व घरांचे चौथरे पृष्ठाजवळ येतात. काल जी वाट खोल होती ती आज उथळ असूं शकते. अंधारांत दिव्यावांचून जाऊं नये.

पुष्कळ गांवांत एकट्यास यंत्राची होडी घेणें परवडत नाहीं. तेथें दहा-पांच खातेदारांनीं मिळून होडी घ्यावी, नोंदणीचा खर्च वांटून घ्यावा व माणसांची संख्या होडीच्या बाजूस मोठ्या अक्षरांत रंगवावी. म्हणजे जास्त माणूस चढूं लागला असतां नावाड्यास एकट्यानें भांडावें लागणार नाहीं. तो आंकडाच त्याच्या वतीनें बोलेल. दाखला आतां तिन्ही राज्यांत चालतो, ही मोठी सोय झाली आहे. पण होडी किती भार सोसते हें कोणत्याही सीमेवर बदलत नाहीं.