फुगलेली बॅटरी

"भो, दख बरं, फुगी गयी." म्हाताऱ्याने कापडी पिशवीतून बॅटरी काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. पिवळ्या प्लॅस्टिकची, मुठीची बॅटरी. तिच्या पोटाशी, जिथे दोन भाग एकमेकांत बसतात, तिथे नख शिरेल एवढी फट पडली होती. स्क्रू सगळे जागच्या जागी होते. आतून काहीतरी तिला उकलत होतं.

नामपूरकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. आत असतो तो सेल. सेल म्हणजे काय असतं ते चाळीस वर्षांत तीनदा बदललं, पण शब्द तोच राहिला आणि त्या शब्दाबरोबर आपल्या सवयीही. मी माझी कपाळाला लावायची बॅटरी घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. तिचा पट्टा सैल झाला होता, बाकी दुखणं काही नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याची, आबांची, बॅटरी उघडायला सुरुवात झाली आणि मी स्टूल ओढून बसलो, तो संध्याकाळपर्यंत उठलोच नाही.

दिवस मार्चचे. उन्हाळी कांद्याला शेवटची पाणी चालू होती. शेतीपंपाची थ्री फेज लाईन आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी पाळीने येते, आणि रात्रपाळीचा आठवडा असला की गावातल्या निम्म्या बॅटऱ्या एकदम आजारी पडतात. पूर्वी मोसमच्या काठी फड पद्धतीने पाणी फिरायचं तेव्हा पाटकऱ्याच्या हातात कंदील असायचा. आता बारे देणाऱ्याच्या हातात बॅटरी असते. ती हवीच. बांधावर घोणस असते, मक्यात बिबट्या असू शकतो. अंधारात चालणं हा बॅटरीपेक्षा मोठा धोका आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी बॅटरी फेकून द्यायला नको.

कारागिराने चार स्क्रू काढले. झाकण उघडावं लागलंच नाही, आपोआप वर आलं. आत डाव्या बाजूला एक चौकोनी कपॅसिटर, शेजारी चार डायोड, एक रेझिस्टन्स, चार्जिंगचा लाल दिवा. एवढंच. ट्रान्सफॉर्मर नाही, आयसी नाही. आणि उजवीकडे जिथे शिशाच्या चार व्होल्टच्या डबीची जागा होती, तिथे कुणीतरी जुन्या मोबाइलचा चपटा सेल बसवलेला, चिकटपट्टीने गुंडाळून. चपटा होता म्हणायचं. आता त्याची उशी झाली होती.

"हे कोणी टाकलं, आबा?"

"सटाण्याले. त्यानी सांगं, हलकी व्हई जाई."

हलकी झाली होती हे खरं. कारागिराने आधी सेलची एक तार कापली, ते टोक चिकटपट्टीत गुंडाळलं, मग दुसरी कापली. दोन्ही तारा एकाच कात्रीत एकदम कापल्या असत्या तर तिथेच शॉर्ट. सेल त्याने टेबलावर ठेवला आणि बोटाने टिचकी मारली. सेल भोवऱ्यासारखा गरगर फिरला. ही परीक्षा जुन्या नोकियाच्या काळातली आहे. चांगला सेल सपाट बसतो, फिरत नाही; फुगलेला पोटावर फिरतो. मग मीटर लावला. आकडा आला ४.४१.

तो आकडा बघून कारागीर काही बोलला नाही. सेल उचलला आणि मागच्या दारात वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत नेऊन ठेवला.

या ४.४१ मध्येच सगळी गोष्ट आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर थांबायचं असतं. तिथून पुढे ढकललेलं लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरत नाही, धातू होऊन वर साचायला लागतं. आतलं द्रावण फुटून वायू होतो, म्हणून पोट फुगतं. दोन टोकांच्या मध्ये जो पडदा असतो तो प्लॅस्टिकचा, केसाहूनही पातळ. त्याला कुठे भोक पडलं की आतल्या आत शॉर्ट, त्याने उष्णता, उष्णतेने १३० अंशांच्या आसपास तो पडदाच वितळतो, आणि मग ती आग बाहेरून कुणाच्या हाती राहत नाही. द्रावण ज्वालाग्राही असतं, धूर विषारी असतो.

आता आबांच्या बॅटरीतला तो कपॅसिटर बघा. घरातली २३० व्होल्टची वीज त्याच्यातून गाळून येते. एक मायक्रोफॅरडचा असला तर जेमतेम साठ-सत्तर मिलिअँपिअर. करंट थोडा, पण त्याला डोळे नाहीत. सेल भरला का, कितीवर गेला, त्याला काही कळत नाही. प्लग भिंतीत आहे तोवर तो ढकलत राहतो. शिशाच्या डबीला हे चालतं. ती पावणेपाच व्होल्टच्या पुढेमागे जाऊनही तक्रार करत नाही, फार तर वर्षा-दोन वर्षांत वाळून मरते. चार्जर तिच्यासाठीच बनवलेला आहे. त्या जागी लिथियम आलं, पण चार्जरला कुणी सांगितलं नाही. (या जातीच्या चार्जरमध्ये मेन लाईन आणि आतली तार यांच्यात काही आडपडदा नसतो. प्लग लावलेला असताना उघडी बॅटरी हाताळली तर सरळ २३० चा झटका. कारागीर लोक हे शिकतात, बहुतेक एकदाच.)

मोबाइलच्या अस्सल सेलमध्ये एक नखाएवढी पट्टी असते, जास्त भरला की करंट तोडणारी. नकली सेलमध्ये ती पुष्कळदा नसतेच. अस्सलातलीही काही जण काढून टाकतात, कारण "मध्येच बंद पडते". म्हणजे तिचं काम ती करत असते म्हणून तिला काढायचं! आणि पट्टी असली तरी सगळं निभतं असं नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने स्वतःच सांगितलं होतं की मात्सुशिताने बनवलेले ४ कोटी ६० लाख बीएल-५सी सेल चार्ज करताना तापू शकतात. तेव्हा आपल्याकडे लोक मोबाइल उघडून सेलवरचे नंबर जुळवत बसले होते. त्याच मापाचे सेल आज रेडिओत, खेळण्यांत आणि बॅटऱ्यांत फिरताहेत, पाठीवर कुणाचंही नाव छापून.

आबांना यातलं काही सांगून उपयोग नव्हता. कारागिराने एवढंच विचारलं, "चार्जिंगले कितला वेळ लावता?"

"लायेलच ऱ्हास ना," आबा म्हणाले. लावलेलीच असते.

आणि आबांचं चुकलं कुठे? शिशाची डबी रिकामी ठेवली की आतून खराब होते, म्हणून ती सतत भरलेली ठेवायची हे त्यांना अनुभवाने पक्कं ठाऊक. तसंच वजनाचं, जड बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी. त्याच्याही आधी, एव्हरेडीचे जाड सेल होते तेव्हा, उजेड पिवळा पडला की सेल पत्र्यावर उन्हात मांडायचे, थोडे ठोकायचे, आणि ते आणखी दोन रात्री निघायचे. माझ्या वडिलांनी हे केलेलं मी पाहिलंय. या सगळ्या सवयी त्या त्या सेलसाठी शहाणपणाच्या होत्या. लिथियमला नेमकं उलटं लागतं. त्याला अर्धवट भरलेलं राहणं मानवतं, ऊन सोसत नाही, ठोकाठोकी तर अजिबात नाही. मे महिन्यात या मालेगाव पट्ट्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. त्या उन्हात पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या डिकीत सेल ठेवणं म्हणजे त्याला फुगवायचं निम्मं काम आपणच करून देणं.

दुपारनंतर एक तरुण आला. त्याच्याकडे धातूची, झूम होणारी बॅटरी, आत एक गोल सेल. हा सेल आता सगळीकडे झालाय. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब, म्हणून नाव १८६५०. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमध्ये असे सहा-सहा असतात. एक मेला की पॅक भंगारात येतो आणि उरलेले पाच बाजारात फिरतात. नवं प्लॅस्टिक चढवून, वर मोठ्ठा आकडा छापून. त्या तरुणाच्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलं होतं. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात, त्याहून फार पुढे गाडी जात नाही. कारागिराने शेजारच्या किराणा दुकानातला छोटा काटा मागवला. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरतो. हा एकोणतीस भरला. म्हणजे लिथियममध्येही वजन बघायचंच आहे की. आबा असते तर खूश झाले असते.

मग त्याने सेलचं वरचं टोक भिंगाखाली धरून मला दाखवलं. मधली गोल टिकली म्हणजे प्लस. तिच्याभोवती कागदाचं पांढरं वर्तुळ. आणि त्या कागदाखाली जी पत्र्याची कडा येते ती मायनस, कारण अख्खा पत्र्याचा डबाच मायनस असतो. प्लस आणि मायनस यांच्यात अंतर किती? दीड-दोन मिलिमीटर आणि एक कागद. या सेलचं प्लॅस्टिक नेमकं त्या कडेला फाटलेलं. खिशात किल्ल्यांबरोबर किंवा चिल्लरीबरोबर असा सेल टाकला की एखादं नाणं दोन्हीकडे टेकतं, आणि मग काही अँपिअरचा नाही, दहांच्या पटीत मोजायचा करंट धावतो.

फटाका कधी फुटतो आणि कधी नुसता फुसफुसतो हे दिवाळीला पोरंही जाणतात. दारू उघड्यावर पेटवली की भुरर् जळते. कागदात घट्ट गुंडाळली की आवाज होतो. सेलच्या डोक्यावर वायू बाहेर जायला कमजोर जागा ठेवलेली असते. पण धातूच्या बॅटरीत तो सेल नळीत बसतो, दोन्हीकडून आट्यांनी आवळलेला, वर पाणी शिरू नये म्हणून रबरी रिंग. वॉटरप्रूफ म्हणून आपण जास्त पैसे मोजतो ती हीच रिंग. सेलने वायू सोडला तर तो नळीत अडकतो. म्हणून टॉर्चमध्ये बिघडलेला सेल मोबाइलमधल्या सेलपेक्षा वाईट. एकापाठोपाठ दोन सेल लागणारी बॅटरी असेल तर आणखी वाईट, कारण एक जुना एक नवा घातला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्या रिकाम्यातूनही करंट ढकलत राहतो. परदेशात तीन व्होल्टच्या, एकदाच वापरायच्या लिथियम सेलच्या टॉर्च अशाच जोड्या जमवल्यामुळे फुटलेल्या आहेत.

आणि आपण बॅटरी धरतो कुठे? पंपाच्या पेटीत फ्यूज टाकायचा असला की दोन्ही हात गुंतलेले, मग बॅटरी दातात. मी स्वतः शंभरदा धरली असेल. त्या दिवसापासून सोडलं.

तरुणाने विचारलं, "दादा, मग चांगला सेल कसा वळखू?" कारागीर म्हणाला, "आकडा मोठा असला का सोडी दे." माझ्या मते यापेक्षा नेमका सल्ला कुठल्या पत्रकात मिळणार नाही. कागदोपत्री सांगायचं तर लिथियम सेलना आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. दुकानातल्या डब्यात त्या दिवशी वीस-बावीस सेल होते. मी एकेक फिरवून पाहिला. क्रमांक असलेले दोन निघाले, आणि ते दोन्ही जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून आलेले.

गाड्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांच्या बातम्या होतात. एप्रिल २०२२ मध्ये नाशकातच कंटेनरमध्ये चढवलेल्या २० इलेक्ट्रिक स्कूटरना आग लागली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईला घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. टॉर्चची बातमी होत नाही. कांदाचाळीत, कडब्याच्या वळईशेजारी, बांबू आणि पाचटाच्या छपराखाली खुंटीला बॅटरी चार्जिंगला टांगलेली असते. तिथे आग लागली तर लोक म्हणतील शॉर्टसर्किट, आणि ते चूकही नसेल.

पेटलाच सेल तर? कारागिराचं उत्तर तयार होतं. आधी मेन स्विच बंद. मग हाताने न धरता चिमट्याने किंवा फावड्याने उघड्यावर, धुराच्या तोंडावर न जाता. आणि पाणी, भरपूर. लिथियमवर पाणी टाकू नये असं शाळेत शिकलेलं असतं, ते शुद्ध धातूचं. या सेलला थंड करायला पाणीच लागतं. विझला वाटला तरी घरात आणायचा नाही, तासाभरानेही पुन्हा पेटू शकतो.

संध्याकाळी आबा परत आले. कारागिराने त्यांना लिथियम टाकून दिलंच नाही. चार व्होल्टची शिशाची नवी डबी बसवली, फटीला स्क्रू आवळले, प्लग लावून लाल दिवा दाखवला. आबांनी बॅटरी हातात तोलली. "जड शे," म्हणाले, समाधानाने. त्यांच्या चार्जरला, त्यांच्या सवयीला हीच योग्य. लिथियम वाईट नाही. १९९१ मध्ये सोनीने ते पहिल्यांदा बाजारात आणलं, २०१९ मध्ये त्याच्या जनकांना नोबेल मिळालं, आणि चांगल्या चार्जरसकट घेतलेली चांगली बॅटरी वर्षानुवर्षं बिनघोर चालते, माझी चालतेय. वाईट आहे ती अदलाबदल. शिशाची डबी मेली तर शिशाचीच टाका. लिथियमची हवी असेल तर अख्खी बॅटरी नवी घ्या, तिचाच चार्जर वापरा, जागे असताना लावा आणि झोपायच्या आधी काढा.

निघताना मी मागच्या दारातली कुंडी बघितली. वाळूत आबांचा सोडून अकरा सेल होते, काही चपटे फुगलेले, काही गोल गंजलेले. वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकणारे नियम २०२२ सालीच आलेत. दुकानात महिन्यातून एकदा भंगारवाला येतो. आबांसारख्यांच्या मेलेल्या शिशाच्या डब्या किलोवर मोजून घेतो, लगेच पैसे देतो. कुंडीतल्या सेलना हात लावत नाही. ते अकरा तिथेच आहेत, आता आबांचा धरून बारा.