समुद्रात चरणारा सरडा

रबरी होडीतून फर्नांडिनावर उतरलं की आधी दिसतो तो नुसता काळा दगड. दोराची वेटोळी टाकावीत तसा वळ्यावळ्यांनी थिजलेला लाव्हा. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गालापागोसमधल्या या सर्वांत तरुण बेटावरचा ज्वालामुखी २०२४ मध्येही उसळला होता.

तेवढ्यात वाटाड्या हात आडवा धरतो. पुढे आहे तो दगड नाहीच! एकमेकांच्या अंगावर रेलून शेकडो इग्वाना ऊन खात पडलेत. त्यातला एक फुर्रकन नाकातून पांढरा फवारा उडवतो. ते मीठ असतं. समुद्रात चरणारा सरडा जगात हा एकटाच. बुडी मारून तो खडकावरचं शेवाळ कुरतडतो आणि अंगात साठलेलं जादा मीठ असं शिंकून टाकतो. थंड पाण्यानं गारठलेलं काळं अंग मग उन्हात लवकर तापतं.

पण सरड्यानं समुद्रात का जावं? कारण जमिनीवर खायला आहेच काय! लाव्ह्याच्या भेगेत कुठेतरी एखादं निवडुंग. सगळी सुबत्ता पाण्यात. प्रशांत महासागराच्या पोटातून पूर्वेकडे वाहणारा थंड क्रॉमवेल प्रवाह या बेटांवर आदळून वर येतो आणि खोलातली पोषकद्रव्यं उजेडात आणतो. त्यावर शेवाळ माजतं, मासे पोसतात. विषुववृत्ताशेजारी चक्क पेंग्विन राहतात. ‘एल निन्यो’च्या वर्षी हे गार पाणी वर येईनासं होतं, शेवाळाचा दुष्काळ पडतो. तेव्हा इग्वानाची नुसती चरबी झडत नाही, त्याची लांबीच घटते, कधी २० टक्क्यांपर्यंत. सुगी आली की तो पुन्हा वाढतो!

शेजारच्या खडकावर एक पाणकावळा पंख वाळवतोय. पंख कसले, फाटक्या चिंध्याच. दाराशी मासे, जमिनीवर शत्रू नाही. मग उडायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत गेले, पाय बळकट झाले. न उडणारा हा पाणकावळा फक्त इथे आणि शेजारच्या इसाबेलावर सापडतो.

थोड्या वेळानं तो पुन्हा बुडी मारून पाण्यातून निघतो, चोचीत शेवाळाचा झुपका घेऊन डुलत घरट्याकडे येतो आणि जोडीदारापुढे ठेवतो. उंदीर, मांजर या बेटावर अजून पोचलेलं नाही. पोचलं, तर या पाखराला उडून जाता येणार नाही. उतरण्याआधी आपल्या बुटांचे तळवेसुद्धा घासून घेतात, परकं बीदेखील इथे येऊ नये म्हणून. पाहुण्यानं हा नियम मनापासून पाळावा.