पडद्यावरील धडा : स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी कोणते साधन निवडावे?

शासकीय कामकाजाचा फार मोठा भाग आता संगणकाच्या पडद्यावर चालतो. ग्रामपंचायतीचे नियोजन व हिशेब २०२० पासून ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर नोंदविले जातात. शाळांची माहिती यू-डायस प्लसवर भरावी लागते. ही कामे समजावून देण्यासाठी परिपत्रके निघतात, प्रशिक्षणवर्ग भरतात. तथापि कोणत्या पानावर, कोणत्या क्रमाने, कोठे टिचकी मारावयाची हे चार पानी परिपत्रकापेक्षा पाच मिनिटांच्या चित्रफितीतून अधिक लवकर उमगते. शिवाय ती चित्रफीत रात्री काम उरकताना पुन्हा लावून पाहता येते. त्यामुळे अनेक शिक्षक, केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील कर्मचारी अशा चित्रफिती स्वतःच तयार करू लागले आहेत.

पडद्यावर जे घडते ते जसेच्या तसे, बोलणाऱ्याच्या आवाजासह टिपून घेणे म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. लागते ते एक सॉफ्टवेअर, आणि नेमके कोणते घ्यावे याविषयी बराच गोंधळ दिसून येतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की पुष्कळदा असे साधन यंत्रातच असते. विंडोज १० व ११ मध्ये ‘गेम बार’ नावाची सोय आहे. विंडोजची कळ, ऑल्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबल्या की रेकॉर्डिंग सुरू होते. नावाप्रमाणे ती खेळांसाठी तयार झालेली असल्याने एका वेळी एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपते. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर तिला टिपता येत नाही. साहजिकच ‘डाउनलोड झालेली फाइल कोठे सापडेल’ हे दाखविण्याची वेळ आली, की गेम बार निरुपयोगी ठरतो. विंडोज ११ मधील ‘स्निपिंग टूल’ यापेक्षा सोयीचे आहे. त्यात पडद्यावर हवी तेवढी चौकट आखून तेवढाच भाग टिपता येतो. आरंभी त्यात आवाजाची सोय नव्हती. ती २०२३ मध्ये आली. अॅपलच्या संगणकावर शिफ्ट, कमांड आणि ५ या कळा दाबल्या की हेच काम होते. दोन-तीन मिनिटांचे साधे प्रात्यक्षिक करावयाचे असेल, तर याहून अधिक काही शोधू नये.

काम वारंवार करावयाचे असेल, तर मात्र ओबीएस स्टुडिओची ओळख करून घेणे हिताचे आहे. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यास शुल्क नाही, कालमर्यादा नाही आणि चित्रफितीवर कंपनीचा शिक्का उमटत नाही. मूळ उद्देश थेट प्रक्षेपणाचा असल्याने त्याची मांडणी प्रथमदर्शनी बुजवणारी वाटते. ‘सीन’ म्हणजे रंगमंच आणि ‘सोर्स’ म्हणजे त्यावर आणलेले पात्र, एवढे ध्यानात घेतले की वाट मोकळी होते. संपूर्ण पडदा हा एक सोर्स, मायक्रोफोन हा दुसरा. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. केवळ एका खिडकीचा सोर्स निवडला, तर अर्जातील ‘जिल्हा निवडा’, ‘तालुका निवडा’ अशा उघडणाऱ्या याद्या पुष्कळदा चित्रात येतच नाहीत, कारण संगणकाच्या लेखी ती वेगळी खिडकी असते. बोलणारा यादीतून नाव निवडतो आणि पाहणाऱ्याला नुसता हलणारा बाण दिसतो! म्हणून अर्ज भरण्याचे प्रात्यक्षिक नेहमी ‘डिस्प्ले कॅप्चर’ने, म्हणजे संपूर्ण पडदा टिपून करावे.

ओबीएसचा खरा गुण वीज गेल्यावर कळतो. आपण सर्वत्र पाहतो ती एमपी-४ प्रकारची फाइल साधारणतः रेकॉर्डिंग थांबविल्यानंतरच पूर्ण होते. चित्र कोठे आणि आवाज कोठे याची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली, तर अनुक्रमणिकेवाचून फाइल उघडतच नाही. चाळीस मिनिटांचे काम असे वाया गेल्याने हताश झालेले प्रशिक्षक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. ओबीएसमध्ये एमकेव्ही हा दुसरा प्रकार निवडता येतो. त्यात वीज जाईपर्यंतचे सर्व रेकॉर्डिंग शाबूत राहते आणि पुढे फाइल मेनूतील ‘रीमक्स’ या आज्ञेने काही क्षणांत त्याची एमपी-४ करता येते. ज्या कार्यालयांत इन्व्हर्टर नाही, तेथे हा एक गुणच निवड करण्यास पुरेसा आहे.

ओबीएसमध्ये संपादनाची सोय नाही, ही त्याची उणीव होय. चुकलेले वाक्य कापणे, दोन भाग जोडणे यासाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह असे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे लागते. टेकस्मिथ कंपनीच्या कॅमटेशियात रेकॉर्डिंग व संपादन एकत्र आहे. बाणाभोवती रंगीत वर्तुळ आणणे, लहान अक्षरांचा भाग मोठा करून दाखविणे, अशी कामे त्यात फार सुलभ होतात. परंतु ते विकत घ्यावे लागते आणि लिनक्सवर चालत नाही. मोफत चाचणी आवृत्तीत केलेल्या चित्रफितीवर शिक्का उमटतो. एखाद्या प्रशिक्षण संस्थेने दरमहा अनेक चित्रफिती करावयाच्या असतील, तर हा खर्च समर्थनीय ठरेल. एका शाळेने तो करण्याचे कारण नाही. अॅटलासियन कंपनीने २०२३ मध्ये घेतलेले ‘लूम’ याहून निराळे आहे. त्यात चित्रफीत कंपनीच्या सर्व्हरवर साठते आणि आपण केवळ दुवा पाठवितो. चांगले इंटरनेट असलेल्या शहरी कार्यालयास ते सोयीचे असेल. परंतु शासकीय माहिती कोठे साठविली जात आहे हा प्रश्न तेथे आधी विचारला पाहिजे.

भ्रमणध्वनीवरील अॅप शिकवावयाचे असेल, तर संगणकाची गरजच नाही. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच येतो. आयफोनमध्ये तो २०१७ पासून आहे. अँड्रॉइडवर बोटाचा स्पर्श ठिपक्याच्या रूपाने दाखविण्याचा पर्याय असतो. तो अवश्य चालू करावा, अन्यथा कोठे दाबले ते पाहणाऱ्याला कळत नाही.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे वळू. रेकॉर्डरला काय दाखवावे आणि काय झाकावे याचा विवेक नसतो. तपासणीसाठी आलेल्या एका चित्रफितीत नमुना म्हणून एका खऱ्या लाभार्थ्याचाच अर्ज उघडला होता. नाव, बँक खाते, आधार क्रमांक, सारे काही सेकंद पडद्यावर स्थिर! चूक ध्यानात येईपर्यंत ती चित्रफीत तीन गटांत पोहोचली होती आणि तेथून ती कोणाकोणाकडे गेली हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. ज्या वृद्धेचा तो अर्ज होता, तिला याची कल्पनाही नसावी. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ चा प्रतिबंध आहे, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे. यास्तव काल्पनिक माहितीच भरावी, आणि खऱ्या संकेतस्थळावर ती भरता येत नसेल तर तेवढा भाग रेकॉर्डिंग थांबवून तोंडी सांगावा. फोनवरील व संगणकावरील सूचना बंद ठेवाव्यात. ओटीपीचा संदेश नेमका याच वेळी पडद्यावर झळकतो.

या सर्व कामाचा एक उत्तम आदर्श आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचे हे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. तेथे रेकॉर्डिंगच्या आधी दोन स्तंभांचे टिपण तयार होते : एका स्तंभात पडद्यावर काय घडेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचे ते. चित्र तेच ठेवून नुसते निवेदन बदलले की धडा दुसऱ्या भाषेत तयार होतो. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर धडा व अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवून, थांबत थांबत, प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी अशी तेथील पद्धत आहे. टिपणाविना बोलू लागल्यास ‘मग काय करायचं, तर इथे असं’ यातच निम्मा वेळ जातो, हा अनुभव कोणासही नवा नसावा.

आवाजासाठी साधा इअरफोनचा माइकही चालेल. तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि पंखा बंद करावा. ओबीएसमध्ये खरखर कमी करणारा फिल्टर आहे, परंतु पंखा बंद करणे अधिक परिणामकारक.

चित्रफीत बहुतेकजण फोनवरच पाहणार, हे गृहीत धरावे. त्यासाठी रेकॉर्डिंगपूर्वी कंट्रोल व अधिक चिन्ह दाबून पानावरील अक्षरे दीडपट करावीत. सेकंदाला १००० किलोबिट या वेगाने दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ७५ एमबीची होते. स्थिर अर्जासाठी हा वेग सहसा पुरतो. व्हॉट्सअॅपवर ती व्हिडिओ म्हणून पाठविली तर आकुंचित होऊन अक्षरे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ रूपात जाते. संकेतस्थळांची रचना वरचेवर बदलत असल्याने पहिल्याच दृश्यात रेकॉर्डिंगची तारीख लिहावी, आणि पाठविण्यापूर्वी ती चित्रफीत ते काम कधीही न केलेल्या एका सहकाऱ्याच्या हाती देऊन, आपण काहीही न बोलता, त्याला तो अर्ज भरता येतो काय ते पाहावे.