चार बोटं रुंदीची पट्टी

माझ्याकडे एक बँडेज आहे. पांढऱ्या चादरीच्या पट्टीचं, चार बोटं रुंद, इतकं घट्ट गुंडाळलेलं की नख आत जात नाही. वाशिमच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकून पुढे अकोल्यात स्थायिक झालेल्या एका सिस्टरबाईंनी ते मला दिलं, त्याला आता एकवीस वर्षं झाली. "हे अमेरिकेतल्या कोन्या म्हातारीनं केलं हाये," त्या म्हणाल्या होत्या. "तिले वाशिम कोठी हाये ते मालूम बी नसन." त्या दिवसापासून मी त्या न पाहिलेल्या म्हातारीच्या मागे लागले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडचं कंबरडं मोडलं. त्याच सुमारास अकोल्यात अलायन्स मिशनने, अचलपूर-मेळघाटकडे कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनने आणि वाशिमला मेथडिस्ट मंडळींनी अनाथ मुलं सांभाळली, शाळा काढल्या. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. पुढे वाशिमचं काम चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकन पंथाकडे आलं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. एवढं पुरे, कारण मला सांगायचं आहे ते दवाखान्याबद्दल.

याच पंथाच्या मिशनरी डॉक्टर ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या. आधी भाषा, मग औषध, असा मिशनचा शिरस्ता होता. १९३८ साली मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतीत त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. शस्त्रक्रिया त्या करत, बाळंतपणं त्या करत आणि नव्या खोल्या बांधायची वेळ आली तेव्हा आराखड्यापासून गवंड्यावरच्या देखरेखीपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. पहिल्यांदा पातूरचा घाट चढून मी वाशिमला गेले ती या बांधकामासाठी. भिंतींवरून हात फिरवत किती तरी वेळ उभी होते. बाळंतपण करणाऱ्या हातांनीच चुन्याचा आणि विटांचा हिशेब ठेवलेला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

पण दवाखाना नुसत्या डॉक्टरवर चालत नाही. त्याला चादरी लागतात, उशांचे अभ्रे लागतात, बाळाला गुंडाळायला दुपटी लागतात आणि बँडेज तर रोज ढिगाने लागतं. शेताचा मुलूख हा. पायात बाभळीचा काटा मोडतो, कापलेल्या तुरीचं फणकट पोटरीत घुसतं, विळा बोटावरून जातो, बैल शिंग मारतो. जखम चिघळली की मगच माणूस दमणीत घालून दवाखान्यात आणायचा. अशा जखमेला पंधरा-पंधरा दिवस रोज नवी पट्टी लागते. इकडे दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलेलं. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात गरिबाच्या घरी फाडायला जुनं धोतरसुद्धा शिल्लक नव्हतं.

ही उणीव अमेरिकेतल्या छोट्या छोट्या गावांतल्या चर्चच्या बायकांनी भरून काढली. त्यांच्या मंडळात या कामाला पेटीचं काम म्हणत. घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरी गोळा करायच्या, धुवायच्या, काठ काढून टाकायचे आणि पट्ट्या फाडायच्या. फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाडलं की कापड सुताच्या रेषेत सरळ जातं. मग एकीने टोक धरायचं आणि दुसरीने ताण देत गुंडाळायचं. सिस्टरबाईंनी एका दुपारी माझ्याकडून हे करून घेतलं. माझं पहिलं बँडेज हातात धरताच मधून सुटून लांब शेपूट झालं. "सैल पट्टी जखमेवर टिकत नाही, बाई," म्हणून त्यांनी ते उलगडलं आणि पुन्हा करायला लावलं. चौथ्या खेपेला जमलं.

पेट्या समुद्रमार्गे येत आणि मग रेल्वेने वऱ्हाडात पोचत. आत बँडेजच्या गुंडाळ्या, रुग्णांचे झगे, बाळांची झबली. पेटी उघडायच्या दिवशी सगळ्या शिकाऊ नर्सेस भोवती जमायच्या, असं सिस्टरबाई सांगत. पट्टी वापरली की टाकायची नाही. ती धुवायची, उकळायची, उन्हात वाळवायची, पुन्हा गुंडाळायची, डब्यात भरून वाफेवर निर्जंतुक करायची. माझ्याकडची पट्टी कितव्या जखमेवरून आली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

पैसाही असाच थेंबाथेंबाने जमे. १९४९ पासून या चर्चच्या बायकांनी घरोघरी पुठ्ठ्याची छोटी डबी ठेवायला सुरुवात केली. येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईच्या अलाबास्त्राच्या कुपीवरून तिला अलाबास्टर असं नाव दिलं. स्वतःची एखादी छोटी हौस मोडायची आणि ते नाणं डबीत टाकायचं. तो पैसा परदेशातल्या जागा आणि इमारती यांसाठीच वापरायचा, हा नियम. आमच्या आजीची मुठीमुठीने धान्य बाजूला काढायची मडकी आठवावीत, अशीच ही रीत.

या दवाखान्यातल्या दुसऱ्या मिशनरी डॉक्टर एव्हलिन विटहॉफ यांची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४१ च्या अखेरीस त्या नर्स जेराल्डिन चॅपेल यांच्यासोबत भारताकडे निघाल्या. वाटेत मनिलात असताना जपानने युद्ध पुकारलं आणि दोघी सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारातल्या कैद्यांच्या छावणीत अडकल्या. १९४५ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. तीन वर्षांहून जास्त काळ उपासमार सोसल्यावर माणूस घरीच राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. विटहॉफबाई सुटल्यावर पुन्हा निघाल्या आणि वाशिमला आल्याच. त्याच सुमारास आलेल्या जीन डार्लिंग यांनी नर्सिंगच्या शाळेचा पाया घातला. मिशनचं सर्वांत टिकाऊ काम माझ्या मते हेच. इमारती जुन्या होतात. पण इथे शिकलेल्या मुली पट्टी बांधायची आणि नाडी पाहायची विद्या घेऊन बाहेर पडल्या आणि ती विद्या त्यांनी पुढच्या मुलींना दिली.

परदेशी मदत दवाखान्यासारखी लहान मुलांच्या शाळांनाही पोचली. पण लहान मुलांच्या शाळेचं बोलायचं तर अमरावतीचं नाव घ्यायलाच हवं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या; त्यांचे पती तिथे वकिली करत. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघ, १९४५ ला बोर्डी आणि पुढे कोसबाड, असा त्यांचा प्रवास झाला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार आणि अंगणवाडी हा शब्द १९७५ साली सरकारी योजनेने घेतला. परदेशी चर्चच्या मदतीने चालणाऱ्या बालवाड्या मी पाहिल्या आहेत. जिथे बाई गावातली आणि बोली ओळखीची, तिथे पोरं रमलेली दिसली. दहा दिवसांसाठी येऊन भिंती रंगवून जाणाऱ्या स्वयंसेवकांचा हेतू चांगला असतो, पण त्या पाहुण्यांपेक्षा घरी बसून पट्ट्या गुंडाळणारी म्हातारी मला जास्त उपयोगी वाटते.

धर्मांतराचा प्रश्न टाळून हा विषय लिहिणं अप्रामाणिक ठरेल. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात असताना १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली गेली. तिने पाहणी केलेल्या १४ जिल्ह्यांत अमरावती आणि अकोलाही होते. धर्मप्रसार हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावं, असं तिने १९५६ च्या अहवालात म्हटलं. औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागणं चूकच, हे मी ठामपणे म्हणते. पण आपल्याच गावातल्या बाईला हात लावायला आपण तयार नव्हतो, तेव्हा कुणीतरी तिची जखम धुतली, हेही तितक्याच ठामपणे म्हणते. पुढे परदेशी देणग्यांचे नियम कडक झाले. चर्चमार्फत मुलांना मदत देणाऱ्या कंपॅशन इंटरनॅशनल या संस्थेने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम थांबवलं, तेव्हा देशभरातल्या सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत बंद झाली. नियमाची बाजू मला समजते. त्या मुलांचा डबा आणि शाळेची फी त्याच दिवशी कुणी उचलली का, हे विचारायला मात्र हवं.

पाठवणाऱ्यांच्या नोंदी त्यांच्या चर्चने छापून ठेवल्या. आपल्या बाजूच्या नोंदी नाहीत. रात्रपाळीच्या आया, पट्ट्या उकळणारे वॉर्डबॉय, दमणी हाकणारे गडी, बाळंतिणीची खिचडी शिजवणाऱ्या बाया यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, अकोला या भागांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी या दवाखान्यात जन्मलं असेल, तिथे शिकलं असेल, झाडूपोछा करत असेल, तर या दिवाळीत फराळाला बसल्यावर त्यांना विचारा आणि नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. माझ्या सिस्टरबाई आता नाहीत. त्यांच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींची नावं मी त्यांना विचारायची राहून गेली.