दीक्षाभूमीच्या शहरात बाळू कुठं आहेत?

4 जुलै 2025 ला पालवणकर बाळूंना जाऊन 70 वर्षं झाली. ज्या चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथं त्या दिवशी कुणाच्या तोंडून त्यांचं नाव माझ्या कानी आलं नाही. हे फार लागलं.

चांभार कुटुंबातला हा डावखुरा फिरकीपटू. 1890 नंतर पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर खेळपट्टी राखायचा, नेटमध्ये क्लबातल्या ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकायचा. बॅट मात्र कुणी हाती दिली नाही. पुढं सवर्णांच्या संघानं विकेटींसाठी घेतलं. त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलत, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. गरीब खेळाडूची अडवणूक इंग्लंडातही होती. तिथं तेव्हा पैसे न घेणाऱ्या हौशी खेळाडूलाच मान. खेळापायी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, यावरून 1895 ला तिथलं रग्बी दुभंगलं. बाळूंच्या आड तर गरिबी आणि जात दोन्ही आल्या. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1923 मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

मला यात आमचं ऐंशीचं दशक दिसतं. 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पुढच्याच वर्षी कपिलच्या संघानं विश्वचषक आणला, आणि मूल, ब्रह्मपुरी, चामोर्शीकडं धान निघालेल्या बांध्यांत टेनिस बॉल उडू लागला. आमच्या वस्तीतली पोरं जीव तोडून बॉलिंग टाकायची. संघ निवडताना मात्र कप्तान म्हणून मालगुजाराच्या घरचाच पोरगा उभा राहायचा आणि आमच्यातला सगळ्यात चांगला बॉलर दहाव्या नंबरला बॅटिंगला जायचा. तो राग अजून गेलेला नाही. बाळू तेव्हा कुणी सांगितले असते, तर आम्ही भांडलो असतो.

आपल्याकडच्या मौनाचं कारण मला ठाऊक आहे. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि 13,245 विरुद्ध 11,225 मतांनी हरले. राजकारणात ते चुकले, असं मीही म्हणतो. पण तरुण बाबासाहेबांना याच माणसाचा अभिमान होता. एका निवडणुकीपायी त्यांची सगळी बॉलिंग पुसायची का? यंदा धान निघाल्यावर भरणाऱ्या एका तरी स्पर्धेला पालवणकर बाळूंचं नाव द्या, आणि कप्तान बॉलरांतून निवडा.